उशाशी नाही, फोनवर

मी एमडी मेडिसिन, सध्या एका उपजिल्हा रुग्णालयाची वैद्यकीय अधीक्षक. भातलावणीच्या दिवसांतली दुपार होती. बिलांवर सह्या करत होते, तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. घोणस चावलेल्या दोघीजणी, दोन वेगळ्या गावांतून, तासाभरात आलेल्या.

धावत गेले. एकीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. तिरकं केल्यावर ते न गोठता वाहिलं तर विष भिनलंय. दोघींचंही वाहिलं. (ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर ही चाचणी फसवते. कोऱ्या काचेच्या ट्यूब वॉर्डात वेगळ्या ठेवायच्या, हा मी रुजू झाल्यावर काढलेला पहिला आदेश. माझ्या लेखी ती डॉक्टरकीच आहे.)

प्रतिविषाचा पहिला डोस प्रत्येकीला 10 वायलचा (कुप्यांचा), सहा तासांनी रक्त गोठलं नाही तर पुन्हा तेवढाच. साठ्यात 14. मागणी वेळेत गेली होती, माल कमी आला होता.

प्रतिविष चढताना अंगावर गांधी उठतात, दम लागतो, बीपी पडतं. अशा वेळी त्यावरचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून पेशंटच्या उशाशी थांबायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. पाय निघत नव्हता. तरुण एमओला (मेडिकल ऑफिसरला) म्हटलं, "पहिलीला दहा, दुसरीला चार चालू कर. अ‍ॅड्रेनालिन भरून ठेव. बाकीच्या मी आणते."

आणि मी ऑफिसात आले. शेजारचं ग्रामीण रुग्णालय आमच्यासारखंच जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) मात्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. म्हणजे त्यांच्याकडून वायल उसने घ्यायचे तर दोन साहेबांची परवानगी. एका फार्मसिस्टने लेखी आदेश मागितला. रास्तच होतं, स्टॉक बुकाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. आदेश पाठवला, गाडी पिटाळली. पहिलीची लघवी कमी होत होती, म्हणून जिल्ह्याला डायलिसिसची खाट सांगून ठेवली. एमओने एकट्याने हे सगळं करायचं म्हटलं असतं तर रात्र झाली असती.

दुसरीचे सहा वायल वेळेत पोचले. सहा तासांनी तिच्या ट्यूबमध्ये गुठळी धरली. पहिलीला 108 ने पुढे पाठवलं. डायलिसिस लागलं, पण ती घरी परतली.

बॅचमेट विचारतात, "पेशंट बघणं सोडलंस का गं?" मी त्यांना ही दुपार सांगते. आता दरवर्षी मेच्या बैठकीत मी एकच विषय लावून धरते: पेरणीआधी तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राचा प्रतिविषाचा साठा एका तक्त्यात हवा आणि उसनवारीचा आदेश आधीच सही होऊन तयार हवा.