रेकएची माळ: दुसरा वळसा झाला

तुटलेला डीएनए जीवाणू कसा सांधतो, याचं मणी ओवून मॉडेल करते आहे. गेल्या महिन्यात त्यातला रेकबीसीडीचा भाग हातावेगळा केला होता. ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ही प्रथिनांची तिकडी तुटक्या टोकावर चढते आणि धागे उलगडत, कुरतडत पुढे जाते. जीसीटीजीजीटीजीजी ही आठ अक्षरांची (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं) खूण लागली की तिची चाल बदलते. (माझ्याकडे तेवढे आठ मणी लाल आहेत.) तिथून एक धागा शेपटीसारखा मोकळा सुटतो आणि त्यावर रेकए हे दुसरं प्रथिन बसू लागतं. या महिन्यात ती शेपटी ओवली.

माप तेच, 1 नॅनोमीटरला 2 सेंटिमीटर. साध्या डीएनएत दोन अक्षरांमधलं अंतर 0.34 नॅनोमीटर, म्हणजे माझे जेमतेम 7 मिलिमीटर. रेकए धाग्याला दीडपट ताणतं, म्हणून 36 काचमणी मी सरसकट 10 मिलिमीटरवर बसवले. एका वळशात सहा रेकए, दोन वळशांत बारा. दिसायला सुरेख झालं होतं.

मग पाव्हलेटिच या संशोधकांच्या गटाची 2008 मधली, डीएनएवर बसलेल्या रेकएची स्फटिकरचना स्क्रीनवर फिरवून पाहिली आणि सगळे मणी उतरवले. ताण सारखा नाहीच! तीन अक्षरं जवळपास नेहमीसारखी एकावर एक, मग पाऊण नॅनोमीटरहून थोडी मोठी फट, पुन्हा तीन. एका रेकएच्या वाट्याला तीन अक्षरं. कितीतरी वेळ मी ती फटच बघत होते.

कारण सगळी करामत तिथेच आहे. रेकएला डीएनएच्या दुसऱ्या, धडधाकट प्रतीतला नेमका जुळणारा मजकूर शोधायचा असतो. तीन अक्षरांचा गट मूळ ठेवणीत राहतो, म्हणून ए समोर टी, जी समोर सी नीट बसतात. जुळलं तर जोडी टिकते, नाही तर सुटते.

फट टिकवणं अवघड गेलं, मणी घरंगळायचे. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “अगं, गजऱ्याला मारतो तशी दर तिनांमागे गाठ मार.” तारेऐवजी मेण लावलेला दोरा घेतला, गाठी मारल्या, आणि प्रत्येक फट 15-16 मिलिमीटरवर पक्की बसली. आता एक वळसा साधारण 18 सेंटिमीटरचा भरतो.

रेकएचे गोळे आधी शाडूचे केले होते, सुकताना तडकले. कागदाच्या लगद्याचे छान टिकतात. दोन शेजारच्या रेकएंमध्ये एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बसतो, तिथे पिवळी टाचणी लावते आहे. अकरा गोळे बसवून झाले, बारावा अजून ओला आहे.