जर्मनचा गंज आणि लोहचुंबक

सिलिंडर संपलं, दुसरं यायला वेळ होता. म्हणून काल इंडक्शनची शेगडी आणली. आज सकाळी मायनं त्यावर जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, ठेवला, दुधाचा. शेगडी टुंई टुंई करे अन् बंद पडे. माय म्हणे, "काहून रे, इतक्या पैशाची शेगडी अन् पावशेर दूध तापत नाही?"

मग पोराच्या खेळण्यातलं लोहचुंबक काढलं अन् मांडणीवरचं एकेक भांडं उलटं करून पाहिलं. जर्मन, पितळ, तांबं, सगळं नापास. या शेगडीत जाळ नसतोच. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं अन् त्यानं भांड्याचं बूडच तापतं. त्यासाठी बूड लोखंडी किंवा चुंबक धरणारं पाहिजे.

गंमत स्टीलची. तीन गंज, तिन्ही सारखेच चकाचक. दोघांना चुंबक टपकन चिकटलं, तिसऱ्यावरून घसरून खाली. आंदणात आलेला, सगळ्यात महागाचा तोच! निकेल जास्त असलेलं चांगलं स्टील बहुधा चुंबक धरत नाही. मायला हे काही पटलं नाही.

लोखंडी कढईला चिकटलं खरं, पण तिचं बूड गोल. काचेला टेकते ती नखाएवढी. पिठलं तिच्यात नाही होणार. भाकरीचा तवाही खोलगट.

संध्याकाळी वरण स्टीलच्या गंजात शिजलं. पिठल्यासाठी मायनं अंगणातली चूल पेटवली, माझ्याकडे न पाहता. बाजारात सपाट बुडाची कढई पाहतो आता. चुंबक खिशातच ठेवलंय.