पूर ओसरल्यावर पहिला हात कासेला

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या गोठ्यांनी ३९ हाच शेवटचा आकडा धरावा. ४३ ची वाट बघितली की रस्ते बंद होतात, आणि बिथरलेली म्हैस बोटीत चढत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तरी हे गावागावात पाठ व्हायला हवं.

पाणी शिरलंच तर दावी कापा. मोकळं जनावर पोहत उंचवट्याला लागतं, दावणीचं जागेवर बुडतं. बोटीबरोबर न्यायची वेळ आली तर गळ्याला फास नको आणि वेसणीला ओढही नको. म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून तोंड बोटीच्या कडेला धरायचं, नाकपुड्या पाण्याच्या वर राहतील असं.

जनावरांच्या डॉक्टरांचं मोठं काम मात्र पावसाळ्याआधी, मे महिन्यातलं. घटसर्प या जनावरांच्या गळासुजीच्या रोगाची लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि रोग झालेलं जनावर एक-दोन दिवसांत जातं. गळ्याखाली सूज, १०५-१०७ अंश फॅरनहाइट ताप, घरघर. पुरातल्या जनावरांच्या छावणीत लस द्यायची वेळ आलीच तर आधी थर्मामीटर लावा. ताप असलेलं जनावर बाजूला काढून उपचार सुरू करा, बाकीच्यांना लस द्या आणि प्रत्येक जनावराला सुई बदला. पुरात वीज जाते म्हणून कुपी थेट बर्फात खुपसतात. तिथे चूक होते. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहणारी लस गोठली तरी वाया जाते, म्हणून कुपी आणि बर्फ यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा.

छावणीत आलेल्या दुभत्या म्हशीच्या कासेला पहिला हात लावायचा. दोन-तीन दिवस धार काढलेली नसते, त्यात ती घाण पाण्यात उभी राहिलेली असते. सड स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडे पुसा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या. दुधाच्या गुठळ्या, पिवळसर पाणी किंवा रक्त दिसलं तर तो कासदाह. त्या सडातलं दूध वेगळ्या भांड्यात काढून टाका आणि दिवसातून चार-पाच वेळा तो सड पूर्ण रिकामा करा. नुसतं इंजेक्शन देऊन कास भरलेली ठेवली तर ती दगडासारखी होते आणि सड कायमचा जातो. दुखतं म्हणून म्हैस लाथ मारते आणि दमलेला मालक धार सोडून देतो. तिथे डॉक्टरांनी स्वतः खाली बसून धार काढून दाखवलेली पाहिली की मालकाला धीर येतो.

खायला घालताना घाई नको. उपाशी जनावरापुढे मदतीत आलेली पेंड, मका, भात, भाकरी एकदम टाकली की पोटात आम्लता होऊन ते आडवं होतं. नुसता ऊस तोडून घातला तरी तेच, कारण त्यात साखर आहे. पहिले दोन दिवस कडबा थोडा थोडा, मग पेंड मूठमुठीनं वाढवत न्यायची. अशक्त जनावराला नळीनं किंवा बाटलीनं औषध पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात उतरतं, आणि पुरातून वाचलेलं जनावर न्यूमोनियानं जातं.

पाण्या-चिखलात राहिलेली खुरं बुडवायला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद, आधी चिखल धुऊन.

मेलेलं जनावर पुरायचं ते विहीर-ओढ्यापासून लांब, सहा-आठ फूट खोल खड्ड्यात, खाली-वर चुना टाकून. नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल तर शवविच्छेदन करू नका. काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका धरा. कातडी सोलूही देऊ नका. शव उघडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.

भरपाईचा पंचनामा पुरण्याआधी झाला पाहिजे. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये ठरवले होते, मोठी दुभती जनावरं तीनपर्यंत. अडचण येते ती वाहून गेलेल्या जनावराची, कारण दाखवायला शव नसतं. म्हणून मे महिन्यात लस टोचतानाच कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, जनावराचा फोटो आणि मालकाचं नाव एका यादीत उतरवून घ्यावं. एक प्रत दवाखान्यात, एक ग्रामपंचायतीत आणि एक मालकाच्या मोबाइलवर ठेवावी, कारण दवाखान्यातही पाणी शिरतं.