फ्रीज आहे का घरी?

डिस्चार्ज देताना मावशींच्या हातात इन्सुलिनची बाटली ठेवली आणि सांगितलं गेलं, "फ्रीजमध्ये ठेवा." मावशींनी मान डोलावली. घरी फ्रीजच नाही, हे त्यांनी वॉर्डच्या दारापाशी सिस्टरना सांगितलं. डॉक्टरांना नाही.

केसपेपरवर तंबाखू, दारूची नोंद होती. घर, काम, जेवणाच्या वेळा यांची एकही ओळ नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. पण वापरातली बाटली ३० अंशांच्या आत, उन्हापासून दूर राहिली तर बहुतेक प्रकारांत साधारण ४ आठवडे चालते. म्हणजे फ्रीज नसेल तर एका वेळी एकच बाटली द्यायची, उघडल्याची तारीख वर लिहायची. पण त्यासाठी आधी विचारायला हवं ना!

जेवणाचंही तेच. मिश्र ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं) जेवणाआधी अर्धा तास टोचतात. नंतर कामामुळे जेवण लांबलं तर रक्तातली साखर ७०च्या (mg/dL) खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा हे झालं की माणूस घाबरून स्वतःच डोस चुकवतो. पुढच्या भेटीत कागदावर काय येतं? 'औषध नियमित घेत नाही.' याचा मला खरंच राग येतो.

कामाच्या जागी स्वच्छतागृह नसेल तर लघवी वाढवणारी गोळीही अशीच टाळली जाते.

घरी कोण असतं, जेवण किती वाजता, कामाची वेळ काय, एवढे तीन रकाने केसपेपरवर छापायला काय हरकत आहे?