थेंब विरघळलाच नाही

गुरुवार, रात्री

डॉक्टर मॅडमनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात थेंबभर व्हिनेगर टाकलं (आपण चायनीजवर घालतो तेच!) आणि शेवंती मांजरीच्या पोटातून काढलेल्या पिवळट, चिकट पाण्याचा एक थेंब वरून सोडला. तो विरघळला नाही. आकार धरून सावकाश खाली गेला. रक्ताचे रिपोर्टही तेच सांगतायत. एफआयपी, मांजरांचा जीवघेणा आजार.

रडू नाही आलं, राग आला. आणि तो काढायचा कुणावर? विषाणू म्हणे मांजरांचा नेहमीचाच कोरोना. चार मांजरं एकत्र आली की असतोच, फार तर थोडे दिवस पोट बिघडवतो. बंड्या बोक्याच्या पोटातही असेल, आणि तो आत्ता माझ्या पायावर खुशाल घोरतोय. शेवंतीच्या आत मात्र त्या विषाणूने रूप बदललं, आतडं सोडून थेट पांढऱ्या पेशींत शिरला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी, एकच वासा फिरला. मग भांडू कुणाशी? त्या फुगलेल्या पोटाला "बाळसं धरलंय हो" म्हणणाऱ्या आईशी? ती बिचारी आज फोनच उचलत नाहीये.

माझ्याच वाट्याला का, हे संध्याकाळभर चाललं होतं. निनाद शेवटी वैतागून म्हणाला, तुझ्या नाही, तिच्या वाट्याला.

मॅडम म्हणाल्या, पूर्वी आम्ही हात टेकायचो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या पशुवैद्य पेडरसन यांच्या चमूचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ हे विषाणूरोधी औषध देऊन पाहिलं, त्यातली २५ तगली. रेमडेसिविरचं शरीरात गेल्यावर जे होतं, तेच हे औषध. रेमडेसिविर. २०२१ चा एप्रिल, त्या रांगा, बाबा... जाऊ दे.

तर ८४ दिवस गोळ्या, डोस वजनावर. बरी व्हायला लागली की खाणार, खाल्लं की वजन वाढणार, वजन वाढलं की गोळी मोठी आणि बिल त्याहून मोठं. म्हणजे मांजर जाड व्हावं म्हणून नवस मीच करायचा आणि झालं की दंडही मीच भरायचा. रागवायला अखेर कुणीतरी सापडलं म्हणायचं!

पहिली गोळी तिने सोफ्याखाली थुंकली. दुसऱ्यांदा चिकनच्या तुकड्यात गेली. स्वयंपाकघरातला वजनकाटा आजपासून तिचा, बेसन अंदाजाने. आजचं वजन २ किलो ३४० ग्रॅम. त्यात मांजर किती आणि पाणी किती, देव जाणे.