बारा यार्ड

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. मिशिगनमध्ये धनुष्यानं हरणाची शिकार करायचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, आणि वर्षभर कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहिलेली धनुष्यं त्याआधीच्या चार-पाच दिवसांत माझ्या टेबलावर येऊन पडतात. बहुतेक कंपाऊंड, म्हणजे चाकं आणि केबल असलेली. त्यांची कामं ठरलेली असतात आणि हात आपोआप चालतात.

त्या दिवशी सकाळी साठी उलटलेले एक गृहस्थ आले. त्यांनी घोंगडी उलगडून रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे चाकं-केबल नसलेलं, टोकं पुढे वळलेलं जुन्या घाटाचं, पुढे ठेवलं, आणि मी हातातलं काम बाजूला सारलं. बेअर कंपनीचं, साठ इंची, मूठ गडद लाकडाची, मुठीत बसवलेलं छोटं नाणं अजून जागेवर.

"१९५३ चं आहे," ते म्हणाले. "त्यावर लिहिलंय."

असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते १९५३ म्हणजे कॅनडातल्या पेटंटचं साल आहे, आणि कंपनी ते पुढची कित्येक वर्षं धनुष्यांवर छापत होती. खरं साल अनुक्रमांकात सापडलं: १९६७. फ्रेड बेअरचा कारखाना तेव्हा आमच्याच राज्यात, ग्रेलिंगला होता. फ्लोरिडाला गेला तो १९७८ मध्ये. कंपाऊंडचं पेटंट ॲलन नावाच्या मिझुरीच्या माणसाला मिळालं १९६९ मध्ये. म्हणजे हे धनुष्य बनलं तेव्हा जंगलात जाणाऱ्या तिरंदाजाच्या हातात अशीच धनुष्यं असायची. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडेल असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. "मग याला खरंच शिकारीला नेलं असेल," म्हणाले.

तीस वर्षं ते कंपाऊंडनं शिकार करत होते. हे का घेतलं, असं विचारलं तेव्हा थोडा विचार करून म्हणाले, "हरीण दर वर्षी मिळतं. पण गेल्या पाच वर्षांतली हरणं मला आठवत नाहीत."

मी दोरी पाहिली आणि पोटात गोळा आला. नवीन होती, पण आजच्या न ताणल्या जाणाऱ्या धाग्याची. जुन्या धनुष्यांची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतात. डेक्रॉन या जुन्या धाग्याची दोरी बाण सुटताना किंचित ताणली जाते आणि झटका स्वतःवर घेते. या नव्या धाग्यानं तोच झटका थेट टोकांना बसतो. साठ वर्षं टिकलेली भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, एका दुपारीत फाटू शकते. त्यांनी पाच-सहाच बाण मारले होते. मी दोरी उतरवली आणि दोन्ही भुजांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवला. कुठे चीर असली, फायबरग्लासचा तंतू सुटलेला असला, तर कापूस अडकतो. कुठेच अडकला नाही. फायबरग्लासवर लांबीच्या दिशेनं बारीक रेषा होत्या, त्या वयाच्या; आडवी एकही नव्हती. आडव्या रेषेला मी घाबरतो.

खालची भुजा मात्र पिळलेली होती. कोणीतरी हे वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभं टेकवून ठेवलं असणार, किंवा पायात अडकवून दोरी चढवली असणार. डेक्रॉनची दोरी चढवली, भुजा कोमट केली, उलट दिशेला पीळ देऊन धरून ठेवली, सोडली, पाहिली. दोरी अजून मधल्या खाचेच्या डावीकडेच. पुन्हा तेच. या कामात घाई केली की लाकडाचे थर एकमेकांपासून सुटतात. मधे तीन कंपाऊंडवाले येऊन गेले. त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. चार वाजता दोरी खाचेत मधोमध बसली आणि तिथेच राहिली.

मग आम्ही दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. धनुष्यावर ४५ पौंड लिहिलेलं, पण ते दोरी २८ इंच मागे ओढली तरचं माप. त्यांची ओढ २६ इंच. काट्यावर भरले ४० पौंड. हरणाला ते पुरतं, बाण जड आणि पातं धारदार असेल तर.

पहिला बाण ओढून ते थांबले. तीस वर्षांची सवय! ७० पौंडांचं कंपाऊंड पूर्ण ओढलं की चाकं वजन पेलतात, हातात १५ पौंडही उरत नाहीत, माणूस निवांत थांबून नेम धरतो. इथे चाळीसच्या चाळीस पौंड बोटांत राहतात. त्यांचा हात थरथरला, बाण लाकडी चौकटीत घुसला.

"थांबू नका," मी म्हणालो. "केसाएवढी जागा निवडा, तिथेच बघा, ओढा आणि जाऊ द्या. सगळी एकच हालचाल."

वीस यार्डांवरून सहापैकी दोन बाण ताटलीएवढ्या कागदात. पंधरावरून चार. बारावरून सहाच्या सहा, आणि तीनदा तसंच.

"तुमचं अंतर बारा यार्ड."

ते गप्प झाले. त्यांचा झाडावरचा मचाण ज्या पायवाटेकडे तोंड करून आहे, ती वाट पंचवीस यार्डांवर होती. असलं धनुष्य सेकंदाला १६०-१७० फूट वेगानं बाण सोडतं. वीस यार्ड जायला त्याला सेकंदाचा एक तृतीयांशाहून जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज आधी पोचतो, हरीण दबतं आणि बाण नको तिथे बसतो. जखमी हरीण रात्रभर शोधणं मी केलंय. ते मला कोणावर येऊ द्यायचं नाही.

मला वाटलं, धनुष्य गुंडाळून निघून जातील. त्यांनी बिलाचा कागद उलटा केला, पेन मागितलं आणि आपलं रान काढायला लागले. इथे ओढा. इथे ओकची झाडं, यंदा फळ खूप धरलंय. वारा बहुतेक पश्चिमेचा. मादी पिलांना घेऊन इथून येते, पण थोरला नर येतो कुठून? त्यांना सांगता येईना. तीस वर्षांत कधी गरजच पडली नव्हती; पंचवीस यार्डांवरून सगळ्या वाटा सारख्याच टप्प्यात होत्या. बारा यार्डांत यायचं तर त्याची एकच वाट, त्याची वेळ, वाऱ्याची बाजू, सगळं माहीत हवं. या धनुष्यांसाठी लोक वेडे का होतात, याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. दुकान बंद करायला त्या दिवशी तासभर उशीर झाला. आम्ही दोघं कागदावर ओणवे होतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बंदुकीचा हंगाम १५ तारखेला उघडायच्या आधी, ते परत आले. मचाण हलवला होता. नर अकरा यार्डांवर आला होता, आडवा, मान खाली. ते ओढायला लागले आणि बाण ज्या कातड्यावर टेकतो ते थंडीत वाळलेलं कातडं करकरलं. नरानं मान वर केली. त्यांनी हळूहळू दोरी परत सोडली.

"कान असा वळवला त्यानं," ते म्हणाले, आणि हातानं दाखवलं. दोनदा दाखवलं.

मी जुनं कातडं खरवडून काढलं आणि आखूड केसांचा मऊ तुकडा चिकटवला. त्यांनी बाण ठेवून सावकाश मागे-पुढे सरकवला, कान जवळ नेऊन. आवाज नव्हता. मग दोरी उतरवून धनुष्य गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवलं. दुपारचा वारा पश्चिमेचा होता, त्यांना चारच्या आत पोचायचं होतं.