मागे वळून पाहायचे नाही

आमच्या घरात गाडीविषयी एकच लेखी नियम आहे. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना जो गाडी चालवतो त्याने मागे वळून पाहायचे नाही, आणि जो मागे बसतो त्याने रस्त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. पाहुण्यांना हा नियम जरा निष्ठुर वाटतो. आम्हाला तो एका फुटलेल्या आरशातून आणि वाया गेलेल्या वीस मिनिटांतून मिळालेला आहे.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. २०१७ च्या हिवाळ्यात एका सकाळी माझे सासरे, म्हणजे आमचे नाना, आंघोळ करून बाहेर आले आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते, असे म्हणून खाटेवर बसले. थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि दुखणे डाव्या हातातून जबड्याकडे सरकत होते. आम्ही त्यांना उचलून गाडीत घातले. डॉक्टरांना फोन करावा आणि ते सांगतील त्याप्रमाणे घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला द्यावी, हे कोणालाही सुचले नाही. ती गोळी औषधांच्या डब्यात तशीच राहिली. यजमान गाडी चालवत होते, मी मागे नानांचे डोके खांद्यावर घेऊन बसले होते, आणि मला ज्याची आजही लाज वाटते ते म्हणजे मी सारा वेळ ओरडत होते: डावीकडून घ्या, हॉर्न वाजवा, सिग्नल सोडा.

राजीव गांधी चौराह्यापासून भंवरकुआंकडे जाणारा आग्रा-मुंबई रस्ता सकाळी नऊच्या सुमारास कसा असतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. त्या रस्त्याच्या मधोमध तेव्हा बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली, मार्गिका होती. २०१३ पासून तिच्यातून आय-बस धावत असे आणि दोन्ही बाजूंना रेलिंग होते. बाहेर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या आणि आत मोकळा रस्ता, हे पाहून यजमानांनी एका चौराह्यावरून गाडी सरळ आत घातली. पुढच्या अर्ध्या मिनिटात आम्ही एका आय-बसच्या मागे होतो. ती बस प्रत्येक थांब्यावर थांबणार, तिला ओलांडायला जागा नाही, रेलिंगमुळे बाहेर पडायला वाट नाही, आणि मागून दुसरी बस आलेली. नाना कण्हले की यजमान मान वळवून बघत. अशाच एका वळलेल्या मानेच्या क्षणी आरसा रेलिंगला घासून फुटला. त्या आवाजाने नाना दचकले, मी किंचाळले, आणि पुढच्या चौराह्यावर मार्गिकेतून बाहेर पडताना वाहतूक पोलिसाने अडवले. त्याने नानांचा चेहरा पाहून लगेच सोडले, ही त्याची कृपा.

नाना वाचले. अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर पाच वर्षे ते रोज संध्याकाळी फिरायला जात राहिले. पण डॉक्टरांनी हृदयाचा जो भाग कायमचा दुबळा झाला असे सांगितले, त्याचा विचार करताना मला ती बसची मागची बाजू आठवते.

पुढे बरेच दिवस आमच्यात कोणाचे चुकले यावर धुसफूस चालू होती. मग एका रविवारी मी कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या घरापासून गीताभवनच्या परिसरातील दवाखाना साधारण आठ किलोमीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटरने बारा मिनिटे लागतात आणि ६० ने आठ. म्हणजे जिवावर उदार होऊन गाडी हाणली तरी वाचणार चार मिनिटे, आणि तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. उलट ब्रेक दाबल्यावर गाडीला थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ६० च्या वेगाला ते ४० च्या सव्वादोन पट होते. घरात मात्र वेळेची खरी गळती होती: चाव्या शोधणे, जुनी फाइल शोधणे, कोणत्या दवाखान्यात जायचे यावर जिन्यात उभे राहून केलेली चर्चा. रस्त्यावर ज्या चार मिनिटांसाठी आम्ही हे सारे केले, त्यांच्या दुप्पट वेळ आम्ही दाराच्या आत घालवला होता.

शांत राहा, असे सांगून कोणी शांत होत नाही, हे मला शाळेत पस्तीस वर्षे मुलांना शिकवून कळले आहे. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळते, नाडी धावू लागते, बोटे थरथरतात, चावी भोकात जात नाही आणि नजर आक्रसून समोरच्या एका ठिपक्यावर खिळते. बाजूने येणारा स्कूटरवाला डोळ्यांसमोर असून दिसत नाही तो यामुळेच. हे थांबवता येत नाही, पण त्याला थोडा लगाम घालता येतो. श्वास सोडताना तो घेतल्यापेक्षा लांबवला, तर नाडी किंचित उतरते. गाडी सुरू करण्यापूर्वी असे तीन श्वास घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. दुसरी युक्ती मला अधिक उपयोगी पडली. जे दिसते ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची: पुढे लाल सिग्नल, डावीकडे रिक्षा थांबली आहे, दार उघडू शकते. इंग्लंडमध्ये पोलिसांच्या वाहनचालकांना अशीच सवय लावतात. तोंड रस्त्याविषयी बोलत असले की मन मागच्या सीटवर जात नाही, आणि नजर पुन्हा रुंद होते. सुरुवातीला हे वेडगळ वाटते. माझ्या मुलाने तर मला रेडिओवरची निवेदिका असे नाव ठेवले होते.

पुढे एका रंगपंचमीच्या दिवशी हे सारे कसाला लागले. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगते की इंदूरला धुळवडीपेक्षा रंगपंचमीचे प्रस्थ मोठे. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात आणि निम्मे शहर तिकडे, तर उरलेले रस्त्यांवर असते. त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, स्वच्छ शब्दांत चहा मागितला. सव्वानऊनंतर थोड्याच वेळात त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. मी त्यांना हसायला सांगितले, तर ओठाची उजवी कड हललीच नाही. दोन्ही हात वर करा म्हटले, तर उजवा खाली आला. ‘आज रंगपंचमी आहे’ एवढे म्हणा म्हटले, तर शब्द एकमेकांत कालवले गेले.

हा पक्षाघात होता, आणि नानांच्या वेळचे शहाणपण इथे उलटे लागू होते. अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही द्यायचे नाही, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मी बॉलपेनने तळहातावर ‘९.१०’ लिहिले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते साडेचार तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून मोजतात. यजमानांनी १०८ ला फोन लावला. पत्ता सांगताना ते ‘बगीच्याच्या समोर’ म्हणाले नाहीत, कारण फोन घेणारा माणूस इंदूरचाच असेल असे नाही. त्यांनी आमच्या नियमाच्या कागदावर लिहून ठेवलेला पत्ता वाचून दाखवला. गर्दीमुळे रुग्णवाहिकेला बराच वेळ लागेल असे उत्तर आले. आई शुद्धीवर होत्या, श्वास नीट चालू होता, म्हणून आम्ही आमची गाडी काढली. त्या बेशुद्ध असत्या आणि श्वास थांबला असता, तर मी गाडीचा विचारही केला नसता: अशा वेळी माणसाला जमिनीवर निजवून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत रुग्णवाहिकेची वाट पाहावी लागते, आणि धावत्या गाडीच्या सीटवर ते होत नाही.

या खेपेला गाडी मी चालवली. यजमानांनी आईंना कुशीवर टेकवून धरले आणि सीटी स्कॅन चालू असल्याची दवाखान्यात फोनवर खात्री करून घेतली. दिवे लावले, काचा बंद केल्या. चारही इंडिकेटर मात्र लावले नाहीत. आपल्याकडे लोक ते लावून भरधाव निघतात, पण मग गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे हे मागच्याला कळायला काही मार्ग राहत नाही. हॉर्न सतत वाजवण्याचाही उपयोग नसतो. रुग्णवाहिकेच्या भोंग्याला वाट देणे कायद्याने बंधनकारक आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अडवणाऱ्याला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. पण खासगी गाडीच्या हॉर्नला रंगपंचमीच्या गर्दीत कोण विचारतो?

भंवरकुआंच्या अलीकडे मोटारसायकलवरच्या मुलांच्या टोळक्याने आमच्या समोरच्या काचेवर मूठभर कोरडा गुलाल मारला. वायपर फिरवण्याचा मोह अनावर असतो, आणि तो फिरवला की गुलालाचा चिखल होऊन काच आंधळी होते, हे मला मागच्या वर्षीच्या अनुभवाने माहीत होते. ‘काचेवर रंग आला आहे, दिसत नाही, डावीकडे थांबते,’ असे मी मोठ्याने म्हणाले आणि थांबले. मागून एकही शब्द आला नाही. आठ वर्षांपूर्वीची मी मागे असते तर काय काय बोलले असते, ते इथे न लिहिलेलेच बरे. मी पाण्याची बाटली काचेवर ओतत असताना त्या मुलांपैकी एकाने आत डोकावून पाहिले, ‘अरे, माताजी बीमार हैं भिया!’ असे ओरडला आणि स्वतःचा शर्ट काढून काच पुसू लागला. पुढचे दोन चौराहे ती मोटारसायकल आमच्या पुढे होती. मुलगा मागे वळून वळून हात करत होता, तेव्हा मलाच त्याची काळजी वाटत होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही पोहोचलो. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे ‘शेवटच्या कधी ठीक होत्या?’ हाच आला, आणि मी तळहात पुढे केला. घामाने शून्य पुसले गेले होते, पण मला ते पाठ होते. आतापर्यंत मी एकदाही मागे पाहिले नव्हते. स्ट्रेचरवर आई दिसल्या तेव्हा माझे पाय लटपटले आणि मी तिथल्या बाकावर बसून चांगली दहा मिनिटे रडले. या वेळी कोणी मला शांत राहायला सांगितले नाही, कारण गाडीची चावी आता माझ्या हातात नव्हती. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, अकराच्या आत इंजेक्शन सुरू झाले. आईंचे बोलणे जवळजवळ पूर्ववत आहे. शेंगा सोलताना उजव्या हाताची बोटे अजून अडखळतात आणि त्या त्याबद्दल शेंगांना दोष देतात.

तो नियमाचा कागद आता फ्रिजच्या दारावर आणि गाडीच्या खणात असा दोन ठिकाणी आहे. बीआरटीएसची मार्गिका उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२५ मध्ये काढायला घेतली, तेव्हा रस्त्याचा आराखडा बदलला म्हणून आम्ही नवी वाट आखली. एक जागा मात्र कागदावर बरेच दिवस रिकामी होती. यजमान दौऱ्यावर असतील तेव्हा मागे कोण बसणार? समोरच्या काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या की मला नुसते इंजेक्शन पाहून घेरी येते, मलाच कोणीतरी धरावे लागेल. शेवटी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलाचे नाव लिहिले; तो खरगोनचा आहे आणि भंवरकुआंला राज्यसेवेच्या परीक्षेची शिकवणी लावून आहे. त्याने हे काम अभ्यासाइतकेच मनावर घेतले आणि एकदा सराव करून पाहू, असे स्वतःच सुचवले. गेल्या आठवड्यात रात्री दहा वाजता आईंना मागे बसवून आम्ही दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. तिथे पोहोचल्यावर तो उतरायला गेला, तर मागचे दार आतून उघडेना. नातू लहान असताना लावलेला चाइल्ड लॉक इतकी वर्षे तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी तो काढला.